चार पायऱ्या आणि आठ हात

गणेश चवथीच्या संध्याकाळी गोव्यातल्या आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, आरत्यांचा फेरा निघतो. एका घरची आरती आटोपली की घुमटं, शामेळ, कांसाळी अशी तालवाद्यं घेऊन मंडळी पुढच्या घरी. चौदा घरं होईतो रात्रीचे दोन वाजतात. माझा धाकटा भाऊ घुमट वाजवतो आणि फार छान वाजवतो. अकरा वर्षांपूर्वी नारळ पाडणारा पाडेली मिळेना म्हणून तो स्वतःच माडावर चढला आणि पडला. कण्याला मार बसला, कमरेखालचं अंग गेलं. हात शाबूत राहिले आणि हातातला तालही राहिला.

अपघातानंतरच्या पहिल्याच चवथीला वाड्यावरच्या पोरांनी ठरवलं, याला सोडून आरती म्हणायची नाही. चौघांनी चार बाजूंनी व्हीलचेअर धरली, पायऱ्या चढून, उंबरठा ओलांडून, त्याला प्रत्येक घरी गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीसमोर नेऊन बसवलं. सातव्या घरी शेवाळलेल्या पायरीवर एकाचा पाय सरकला. खुर्ची कलली. भावाने हातातलं घुमट सोडून कठडा धरला. तो वाचला, घुमट मातीचं, ते पायरीवर फुटलं.

नवं घुमट पोरांनीच आणून दिलं. पुढच्या वर्षी ती पुन्हा खुर्चीपाशी आली तेव्हा तो म्हणाला, "म्हाका उखलूं नाकात." मला उचलू नका. तेव्हापासून तो प्रत्येक घराच्या अंगणात थांबतो. आरती आत चालते, हा बाहेरून ठेका धरतो. पाऊस असला तर कुणीतरी त्याच्यावर छत्री धरून उभं राहतं. गेल्या दोन वर्षांत तर तो पाच-सहा घरांनंतर परत फिरतो.

त्या पोरांच्या मायेबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. आजही मध्यरात्री हाक मारली तर ती धावत येतील. तरीही मला म्हणायचं आहे ते हेच, की आपल्याकडे माणसाला उचलून नेणं ही माया समजली जाते आणि ती माया आहे म्हणून पायरीकडे कुणाचं लक्ष जात नाही. उचलणारे आठ हात आहेत तोवर चार पायऱ्यांचा विचार करायची गरज कुणाला वाटत नाही. ज्याला उचललं जातं त्याला मात्र प्रत्येक वेळी आपलं वजन जाणवतं. कुठे जायचं, केव्हा जायचं, किती वेळ बसायचं आणि परत केव्हा फिरायचं, हे सगळं इतरांच्या हातांच्या सवडीवर ठरतं. प्रौढ माणसाला हे रोज सोसावं लागणं हा त्याच्या शरीराचा दोष नाही. घर ज्याने बांधलं त्याचा आहे.

हे मी अधिकाराने लिहितो, कारण आमचं घर मी बांधलं आहे. फोंडा तालुक्यात मी घरांचे नकाशे काढून देतो, हाच माझा व्यवसाय. अपघाताच्या चार वर्षं आधी आमच्या घराचा नकाशा मीच काढला होता. जोतं दोन फूट, समोर चार पायऱ्या, दोन्ही बाजूंना बसायचे सोपे असलेला बलकांव, म्हणजे दारापुढची पडवी. मला त्या घराचा अभिमान होता. भावाला इस्पितळातून सोडलं तेव्हा औषधांची यादी मिळाली, पुढच्या तपासण्यांच्या तारखा मिळाल्या. घराच्या दारांची मापं कुणी विचारली नाहीत, आणि माझ्यासारख्या मापं घेऊनच पोट भरणाऱ्या माणसालाही ती घ्यायचं सुचलं नाही. पहिल्या रात्री व्हीलचेअर बाथरूमच्या दाराशी नेली आणि ती चौकटीला अडली. टेप लावून पाहिली. खुर्ची साडेपंचवीस इंच, दार चोवीस.

आपल्याकडे बाथरूमचं दार तीस इंची म्हणतात, पण ते तीस चौकटीसकट. दोन्ही बाजूंच्या चौकटीचे पाच इंच गेले, उघडलेल्या फळीची जाडी गेली, की राहतात चोवीस. उभ्या माणसाला ते भरपूर होतात. दीड इंचासाठी माझा भाऊ पुढचे तीन महिने पलंगावर अंग पुसून घेत होता. तीन महिने, कारण भिंत फोडणं, नळ हलवणं, खाली गेलेली फरशी वर घेणं, हे राहत्या घरात करायचं म्हणजे तेवढा काळ जातोच. तेच दार नकाशात छत्तीस इंच दाखवलं असतं तर पेन्सिलीची एक रेघ हलवायची होती.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण घर "सोयीचं" करताना लोक तो विसरतात. वयाने गुडघे गेलेला माणूस व्हीलचेअर वापरतो तेव्हा तो अनेकदा क्षणभर उभा राहू शकतो, दोन पावलं टाकू शकतो, एखादी पायरी कशीबशी चढतो. जो कायम खुर्चीत आहे त्याला हा क्षणभरही नाही. खुर्चीतून पलंगावर, पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर, असं दिवसातून कितीतरी वेळा त्याला केवळ दंडांच्या जोरावर सरकायचं असतं. दोन्ही बसायच्या जागा एका पातळीत असतील तर सरकणं जमतं. दोन इंचांचा फरक असला तर दमणूक, चार इंचांचा असला तर पडण्याची भीती. म्हणून पलंग, कमोड, न्हाण्याची बैठक हे सगळं खुर्चीच्या आसनाच्या उंचीचं, अठरा-एकोणीस इंचांच्या आसपास, आणि प्रत्येकाच्या शेजारी खुर्ची लावण्याइतकी मोकळी जागा. बाजारातला उंच गादीचा पलंग आणला आणि घर शोभिवंत केलं, की त्या माणसाचं स्वतःहून झोपणं-उठणं संपलं.

शिवाय कण्याची इजा म्हणजे नुसतं चालणं जाणं नव्हे. ज्या भागाची जाणीव गेली तिथे चटका कळत नाही, रुतलेलं कळत नाही. एकाच जागी बसून राहिलं तर बैठकीला जखमा होतात आणि त्या भरायला महिने लागतात. म्हणून दर अर्ध्या तासाच्या आत अंग उचलून भार बदलावा लागतो. अनेकांना लघवीसाठी चार-सहा तासांनी कॅथेटर, म्हणजे नळी, घालावा लागतो. पोट साफ होण्याचीही वेळ ठरवून घ्यावी लागते आणि त्यात सकाळचा तास-दीड तास जातो. थोडक्यात, अशा माणसाच्या घरातली सर्वांत महत्त्वाची खोली न्हाणीघर असते. आपण मात्र नकाशात सगळ्या खोल्या बसवून झाल्यावर जिन्याखाली किंवा कोपऱ्यात उरेल ती जागा त्याला देतो. चार बाय सहाच्या त्या खोक्यात खुर्ची आत गेली तरी वळत नाही आणि दार आत उघडणारं असेल तर खुर्ची आत गेल्यावर ते लागतही नाही. दार उघडं ठेवून, आईला किंवा बायकोला बाहेर पाठ करून उभं करून ही सगळी कामं उरकणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत. त्यांच्या घरचे त्यांना जीव लावतात. दार मात्र कुणी बदलत नाही.

व्हीलचेअर जागच्या जागी फिरायला पाच फूट व्यासाचं वर्तुळ लागतं. 2021 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांतही हेच 1500 मिलिमीटर आहेत आणि दाराची मोकळी रुंदी 900 मिलिमीटर. न्हाणीघर साडेसहा-सात फूट लांबी-रुंदीचं केलं, दार सरकतं किंवा बाहेर उघडणारं ठेवलं, तर ते वर्तुळ बसतं. न्हाणीची फरशी दोन इंच खाली घ्यायची आणि दारात संगमरवरी पट्टी बसवायची ही आपल्या गवंड्यांची जुनी सवय. ती मोडायला हवी. फरशीला उतार द्यावा आणि दारालगत जाळीची अरुंद मोरी ओढावी, पाणी बाहेर येत नाही. माझ्या घरी दहा वर्षांत आलेलं नाही.

एक गोष्ट गोव्यात घर बांधणाऱ्यांना मुद्दाम सांगतो. आपल्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. कमोडशेजारी आधाराची दांडी बसवायला चिऱ्यात भोक पाडून खिळा ठोकला, तर पहिल्या महिन्यात ती दांडी घट्ट वाटते आणि एक दिवस पूर्ण अंगाचा भार पडला की चिऱ्याचा भुगा होऊन हातात येते. भिंत बांधतानाच जमिनीपासून अडीच फुटांवर काँक्रीटचा पट्टा घालावा. आज दांडीची गरज नसली तरी घालावा. अमेरिकेत 1988 च्या कायद्याने चार किंवा जास्त घरांच्या नव्या इमारतींत बाथरूमच्या भिंती अशा आधीच भक्कम करून ठेवणं बंधनकारक केलं. दांडी ज्याला लागेल त्याने नंतर लावावी, भिंत आधीपासून तयार असते. अर्धं पोतं सिमेंट आणि दोन सळ्यांचा हा प्रश्न आहे.

स्वयंपाकघराबद्दल लोक विचारतात, खुर्चीवरच्या माणसाला तिथे कशाला जायचंय? भावाच्या बाबतीत मलाही कुणी विचारलं होतं. त्याला पहाटे पाचला चहा लागतो, पूर्वीपासून. तो स्वतः करून प्यायचा असतो, घर जागं व्हायच्या आत. ओटा खालून मोकळा ठेवून तीस इंचांवर आणला, शेगडीची बटणं समोर, म्हणजे जळत्या बर्नरवरून हात न्यावा लागत नाही, आणि मांडीवर गरम भांडं ठेवायची वेळ येऊ नये म्हणून शेगडी आणि सिंक यांच्यामधला ओटा सलग ठेवला, त्यावरून पातेलं सरकवता येतं. मांडीला चटका कळत नाही, म्हणून ही काळजी. पहिल्यांदा त्याने स्वतः चहा केला तेव्हा मला कप आणून दिला, चाक एका हाताने ढकलत, अर्धा सांडत. अकरा वर्षांत त्या घरातला माझा सर्वांत मोठा आनंद तो आहे, हे मी इथे लिहून ठेवतो. बायका खुर्चीवर असतात तेव्हा हा प्रश्न याहून तीव्र होतो. आयुष्यभर जिने घर चालवलं तिला स्वतःच्याच स्वयंपाकघराच्या दारात बसून सुनेला काय-काय टाकायचं ते सांगावं लागतं.

खिडक्यांच्या उंबऱ्यांबद्दल तर कुणी विचारच करत नाही. आपण तळ जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर घेतो, बाल्कनीचा कठडा भरीव बांधतो. खुर्चीत बसलेल्याची नजर जमिनीपासून चार फुटांच्या खालीच असते. त्याला खिडकीतून आभाळ दिसतं, रस्ता दिसत नाही. कोण आलं, कोण गेलं, कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पाणी आलं का, हे त्याला दुसऱ्याने सांगायचं. खिडकीचा तळ दोन फुटांवर आणला आणि गज लावले की झालं.

आता पायऱ्या. मी हा विषय काढला की गोव्यात हमखास एकच उत्तर मिळतं: पाऊस. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जोतं उंच नको तर काय, पाणी घरात घ्यायचं? शिवाय साप-विंचू. मुद्दा खरा आहे. जोतं उंच हवंच. पण जोतं उंच असणं आणि दारात पायऱ्या असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन फूट जोत्याला बारास एक या उताराने रॅम्प घ्यायचा तर चोवीस फूट लांबी लागते, वर-खाली पाच-पाच फुटांची सपाट जागा वेगळी. घर बांधून झाल्यावर एवढा रॅम्प अंगणात बसत नाही. मग लोक आठ फुटांत उरकतात आणि ती घसरगुंडी होते. सरकारी कचेऱ्यांतही असे रॅम्प मी पाहिले आहेत, ज्यांवरून कुणी एकट्याने वर जाऊ शकत नाही. पण घर बांधायच्या आधी विचार केला तर रॅम्प अनेकदा लागतच नाही. गोव्यात सपाट भूखंड किती? आपली बहुतेक घरं डोंगराच्या उतरणीवर. एका बाजूला जमीन उंच असते. त्या बाजूने वाट आणली तर जोत्याशी सरळ पातळी मिळते. ते शक्य नसेल तर अंगणाची भर एका बाजूने हळूहळू चढवत न्यावी, तुळशीला वळसा घालून, पायवाटेसारखी. चालणाऱ्यालाही ती वाट सुखाची. दारासमोर जाळीची मोरी आणि वर रुंद छप्पर असलं की पाणी आत येत नाही. पावसाळ्यात शेवाळ धरतं म्हणून वाट छपराखालची हवी आणि फरशी खरबरीत हवी. गुळगुळीत ग्रॅनाइट मुळीच नको.

उंबरठ्याचं थोडं नाजूक आहे. ती नुसती लाकडाची पट्टी नाही, नव्या सुनेने त्यावरचं माप ओलांडलेलं असतं, सणाला त्यावर हळदकुंकू वाहिलेलं असतं. माझी आई यावर अडून बसली होती आणि तिचं मन मोडायची माझी इच्छा नव्हती. शेवटी सुताराने जुन्या उंबरठ्याचंच फणसाचं लाकूड तासून फरशीच्या पातळीत बसवून दिलं. आई आजही त्यावर रांगोळी घालते. चाक त्यावरून जातं, रांगोळी थोडी पुसते, ती पुन्हा घालते.

जुन्या घरांची गोष्ट निराळी आणि खरोखर अवघड. राजांगण, त्याभोवतीची वसरी, एक पायरी वर माजघर, एक पायरी खाली न्हाणी. प्रत्येक खोलीची पातळी वेगळी, कारण प्रत्येक खोलीचा मान वेगळा मानलेला. अशी घरं मोडून सपाट करावीत असं मी म्हणणार नाही. तिथे लाकडी फळ्यांचे हलवता येणारे उतार करता येतात, एक खोली आणि एक न्हाणीघर एका पातळीत आणता येतं. फक्त एवढं बघावं, की त्या माणसाची वाट मागच्या दाराने, गोठ्यापासून, जळणाच्या ढिगाशेजारून जाऊ नये. ज्या दाराने पाहुणे येतात त्याच दाराने घरातल्या माणसाने यावं.

फ्लॅटमध्ये लिफ्ट असते म्हणून प्रश्न सुटला, असाही एक समज आहे. कितीतरी इमारतींत लिफ्टचं दार गाठायला आधी चार पायऱ्या चढाव्या लागतात. खाली पार्किंग, वर घरं अशा रचनेतही लिफ्टसमोर अर्धा फूट उंच चबुतरा करून ठेवलेला मी पाहिला आहे, पाणी लिफ्टच्या खड्ड्यात जाऊ नये म्हणून. तिथेही उतार देता आला असता. लिफ्टचं दार 900 मिलिमीटरपेक्षा अरुंद, आणि पावसाळ्यात वीज गेली की जनरेटर नाही. चौथ्या मजल्यावरच्या व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसासाठी वीज जाणं म्हणजे दाराला बाहेरून कडी लागणं.

मग कायदा काय म्हणतो? 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम चांगला कायदा आहे. कलम 44 प्रमाणे सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज ये-जा करता येण्याचे, नियम पाळले नसतील तर कुठल्याही आस्थापनेला बांधकाम परवानगी द्यायची नाही. कलम 45 ने जुन्या सार्वजनिक इमारतींना पाच वर्षांची मुदत दिली. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की केंद्राने केलेले नियम नुसत्या शिफारशींसारखे आहेत, सक्तीचे किमान नियम करा, आणि त्यासाठी तीन महिने दिले. हे सगळं हवंच होतं. पण यातला बहुतेक भर सार्वजनिक इमारतींवर आहे. स्वतःचं घर बांधणारं कुटुंब म्हणजे आस्थापना नव्हे. माझ्या भावाला बँकेत जाता यावं म्हणून कायदा आहे, शेजारच्या घरी जाता यावं म्हणून नाही. सरकारी घरयोजनांत कलम 37 ने 5 टक्के राखीव हिस्सा दिला, प्रधानमंत्री आवास योजनेत दिव्यांगांना तळमजल्याला प्राधान्य दिलं. मिळालेल्या घराचं बाथरूम चार बाय चारच असेल तर त्या तळमजल्याचा उपयोग निम्मा.

6 ते 8 जानेवारी 2023 ला पणजीत पहिला पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा उत्सव झाला तेव्हा भाऊ तिन्ही दिवस गेला होता. देशभरातून माणसं आली होती. त्या तीन दिवसांत त्याला कुणीही उचललं नाही, हे त्याने घरी आल्यावर आम्हाला आवर्जून सांगितलं. ज्या राज्याने असा उत्सव भरवायचं मनावर घेतलं आणि करून दाखवलं, त्या राज्याला घराच्या दारापर्यंत हीच गोष्ट आणता येणार नाही असं मला वाटत नाही. गोव्याची बांधकाम नियमावली 2010 ची आहे, तिच्यात सुधारणा होतच असतात. सेटबॅक (हद्दीपासूनची मोकळी जागा) किती, एफएआर (भूखंडाच्या मानाने बांधकाम) किती, जोतं किती, सेप्टिक टँक विहिरीपासून किती दूर, हे सगळं आपण नव्या घराच्या नकाशावर दाखवतोच. सेप्टिक टँकचं अंतर ठरवलं ते शेजाऱ्याच्या विहिरीचा विचार करून. घर माझं असलं तरी त्यातल्या काही गोष्टी शेजाऱ्याच्या असतात, हे तत्त्व आपण केव्हाच मान्य केलेलं आहे.

अमेरिकेत अटलांटाला एलिनर स्मिथ नावाच्या बाईंनी 1987 साली हाच विचार मांडला. त्या स्वतः व्हीलचेअर वापरणाऱ्या. त्यांनी फार काही मागितलं नाही. प्रत्येक नव्या घराला एक बिनपायरीचं दार, आत शिरता येईल इतक्या रुंद दारांच्या चौकटी आणि त्याच मजल्यावर एक शौचालय. घर कुणाचंही असो, खुर्चीवर बसलेला पाहुणा आत येऊ शकला पाहिजे. इंग्लंडमध्ये 1999 पासून नव्या घरांना अशा स्वरूपाचे नियम लागू झाले. लंडनच्या आराखड्यात आज नव्या घरांपैकी दहा टक्के घरं व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठीच्या मापांची असावी लागतात, उरलेली सहज बदलता येण्यासारखी. पावसाळी, जुनी, दाटीची शहरं त्यांचीही आहेत.

आपल्याकडे या विचाराची गरज त्यांच्याहून जास्त आहे असं मला वाटतं, कारण आपण वाड्याने जगतो. चवथ एका घराची नसते. बारसं, लग्न, बारावा-तेरावा, देवळातला उत्सव आटोपल्यावर कुणाच्या तरी वसरीवर रंगणारी बैठक, हे सगळं दुसऱ्याच्या घरी घडतं. माझं घर मी फोडून दुरुस्त केलं. भाऊ आता त्या घरात कुणाच्याही मदतीशिवाय राहतो, घरूनच हिशेबाची कामं करतो, चहा करतो, रात्री स्वतः दिवा मालवतो. पण त्या घराच्या बाहेर पडला की पुन्हा चार पायऱ्या. एकच घर नीट केलं तर ते घर फार सुखाची कोठडी होतं. ही गोष्ट कळायला मला अनेक वर्षं लागली आणि ती कळली ती चवथीच्या रात्री अंगणात त्याच्यावर छत्री धरून उभा असताना.

ज्यांच्या घरी आज कुणी व्हीलचेअरवर नाही ते विचारतात, आम्हाला कशाला? 2011 च्या जनगणनेत गोव्यातली अकरा टक्क्यांहून जास्त माणसं साठीच्या पुढची होती. देशातल्या राज्यांत एकटं केरळ या बाबतीत आपल्या पुढे होतं. आपली मुलं पोर्तुगालला, इंग्लंडला, आखातात, आणि घरात दोन म्हातारी माणसं. आपल्या रस्त्यांवर दरवर्षी अपघातांत शेकडो माणसं जातात, आणि जी वाचतात त्यांतल्या काहींचा कणा वाचलेला नसतो. माड आहेत, माडाची सूर काढणारे रेंदेर आणि पाडेली आहेत. मी माझ्या घराचा नकाशा काढला तेव्हा माझ्याही घरी कुणी व्हीलचेअरवर नव्हतं.

खर्चाचंही सांगतो, कारण माझ्याकडे येणारा प्रत्येक जण तेच विचारतो. नव्या घरात दारं रुंद करण्याचा, एक वाट चढती आणण्याचा, न्हाणीघर दोन फूट वाढवण्याचा मिळून खर्च लोक पुढच्या फाटकावर आणि दर्शनी दगडी नक्षीवर जे घालतात त्याहून कमीच भरतो. बांधलेलं फोडून करायचं तर तो कितीतरी पट होतो, आणि तो खर्च नेमका अशा वेळी येतो जेव्हा इस्पितळाच्या बिलांनी घर आधीच वाकलेलं असतं. कमावता माणूस पडलेला असतो.

गेल्या महिन्यात आरत्यांच्या फेऱ्यातलं सातवं घर, जिथे घुमट फुटलं होतं ते, पाडून नवं बांधायला निघालं. नकाशा माझ्याकडे आला. मी बलकांव तसाच ठेवून डाव्या अंगाने, जिथे जमीन उंच आहे तिथून, सरळ पातळीची वाट दाखवली. दारं छत्तीस इंची, तळमजल्याला एक न्हाणीघर सात बाय सातचं. घरमालकाने नकाशा बराच वेळ पाहिला. वाटेवर बोट ठेवून म्हणाला, ही आणखी एक फूट रुंद कर, घुमटवाले पुढे-मागे असतात.

येत्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे. आमच्या पंचायतीच्या हद्दीत नव्या घराला परवाना देताना नकाशावर तीन गोष्टी दाखवलेल्या असाव्यात: रस्त्यापासून एका दारापर्यंत पायरी नसलेली वाट, तळमजल्याच्या सर्व दारांना 900 मिलिमीटर मोकळी रुंदी आणि तळमजल्यावर व्हीलचेअर वळेल असं एक न्हाणीघर. ज्यांची जागा खरोखरच परवानगी देत नाही त्यांना कारण लिहून सूट. पंचायतीला नियमावली बदलण्याचा अधिकार नाही, म्हणून ठरावातच राज्य सरकारला विनंती आहे, की हेच 2010 च्या नियमावलीत घालावं आणि सगळ्या 191 पंचायतींना, नगरपालिकांना लागू करावं. अनुमोदनाला भावाचं नाव आहे. पंचायत घराला तीन पायऱ्या आहेत. त्या दिवशी सभा खाली पटांगणात घ्यावी, असा अर्ज मी आधीच दिला आहे.